सीट मिळाली, खोलीचं काय?

बारावीचा निकाल लागल्यापासून सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या जागांची जेवढी मोजदाद होते, तेवढी दुसऱ्या कशाची क्वचितच होत असेल. कोणत्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या किती जागा, कोणत्या कोट्यात किती उरल्या, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, दुसऱ्या फेरीत कटऑफ किती पर्सेंटाइलवर थांबला, हे लातूर-नांदेडच्या घरात बसलेल्या बापालाही तोंडपाठ असते. त्या जागेवर बसणाऱ्या मुलाने रात्री पाठ कुठे टेकायची, याची मोजदाद मात्र कुणीच ठेवत नाही. कॉलेज ठेवत नाही, महापालिका ठेवत नाही, तंत्रशिक्षण खातेही ठेवत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये खोली शोधणाऱ्या मुलांचे जे हाल होतात, त्यांचे मूळ मला इथे दिसते. एजंट, घरमालक, सोसायटीचे सेक्रेटरी ही मंडळी नंतर येतात.

त्यात वेळापत्रक आणखी घाई करते. फेरी जाहीर झाली की जागा निश्चित करायला मोजके दिवस हातात असतात. पुढच्या फेरीत आणखी चांगले कॉलेज मिळेल या आशेने अनेक जण शेवटपर्यंत थांबतात, आणि मग तास सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात हजारो मुले एकदमच खोलीच्या शोधात रस्त्यावर येतात. आई किंवा वडील एक-दोन दिवसांची रजा टाकून आलेले असतात. परतीचे तिकीट काढलेले असते. अशा माणसाशी भावाची घासाघीस करायची गरज मालकाला किंवा एजंटला पडत नाही. 'आत्ता टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय' एवढे वाक्य पुरते.

हे शहर विद्यार्थ्यांसाठी वसलेले नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को, बजाज आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या छोट्या वर्कशॉपांनी भोसरी-चिंचवड-आकुर्डीचा माळ भरून गेला. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. मधल्या काळात, १९७२ साली, कामगारांना राहायला नियोजनबद्ध घरे मिळावीत म्हणून नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आकुर्डी, निगडी, रावेत, वाकड, थेरगाव, भोसरी, मोशी या गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या, सेक्टर पडले, नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट दिले गेले. सगळा आराखडा कुटुंबाचा होता: नवरा कारखान्यात, बायको घरी, मुले जवळच्या शाळेत. एकटे राहणारे अठरा वर्षांचे पोर त्या आराखड्यात कुठेच नव्हते.

ते पोर आले १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि दुसऱ्याच वर्षी, आज आकुर्डीत असलेले, डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे पिंपरीत संत तुकारामनगरला त्यांचे वैद्यकीय आणि इतर महाविद्यालयांचे संकुल झाले. १९९९ मध्ये निगडी प्राधिकरणात पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आणि आळंदीत एमआयटी अकॅडमी सुरू झाली. मग ताथवडे-वाकडच्या बाजूला जेएसपीएम, इंदिरा, बालाजी यांची संकुले आली, रावेत भरले, आणि अलीकडे मावळातल्या साते गावात पिंपरी-चिंचवड विद्यापीठ उभे राहिले. कारखान्यांसाठी घरे बांधायला सरकारने एक स्वतंत्र प्राधिकरण काढले होते. कॉलेजांसाठी तसे काही कधीच झाले नाही. २०२१ मध्ये ते प्राधिकरणही विसर्जित झाले आणि मुलांची सोय गावकऱ्यांवर व बाजारावर सोडलेली होती, ती तशीच राहिली.

गावकऱ्यांनी ती केली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. ज्यांची जमीन कारखान्यांना आणि सेक्टरना गेली, त्यांच्या हातात गावठाणातली किंवा कडेची गुंठा-अर्धा गुंठा जागा उरली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के परताव्याची वाट बघण्यात काहींची एक पिढी सरली. त्या उरलेल्या जागेवर तीन-चार मजले चढले, खाली दुकानाचे शटर, वर खोल्या. त्यातल्या कित्येक इमारतींना परवानगी नव्हती. अनधिकृत बांधकामावरचा शास्तीकर २०२३ मध्ये माफ होईपर्यंत हा विषय इथल्या प्रत्येक निवडणुकीत गाजत राहिला. शेती गेल्यावर खोल्यांचे भाडे हेच या घरांचे पीक झाले. आकुर्डी-निगडीतल्या खोल्यांच्या मालकाला सरसकट लुटारू म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे पटत नाही. त्याच्या खोल्या नसत्या तर या शहरातली निम्मी कॉलेजे वर्षभरात ओस पडली असती.

आज खोल्यांचा बाजार शहरात वेगवेगळ्या तऱ्हेने चालतो. आकुर्डी स्टेशनाच्या बाहेरचा पट्टा सर्वांत जुना. लोकलमधून उतरून पायी कॉलेज गाठता येते, म्हणून इथली कॉट कधी रिकामी राहत नाही. विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या दारांवर चिठ्ठ्या डकवलेल्या असतात: कॉट बेसिस, थ्री शेअरिंग, गिझर, वायफाय, आरओ पाणी, मेस जवळ. फोन लावला की पहिला प्रश्न 'कुठल्या कॉलेजला?' आणि दुसरा 'गाव कुठलं?' खोली पाहायला गेलात की कळते, एका हॉलमध्ये प्लायवूडच्या पडद्या घालून तीन भाग केलेत, एका भागात खिडकी आलीय, बाकी दोन ट्यूबलाइटच्या भरवशावर आहेत. कॉटखाली ट्रंक, कॉटच्या डोक्याशी एक्स्टेंशन बोर्ड, त्यात लॅपटॉप, मोबाइल आणि इलेक्ट्रिक केटल. बारा मुलांना दोन संडास. सकाळी साडेआठचे प्रॅक्टिकल असेल तर सहाला उठून बादली लावावी लागते. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू केल्यानंतर टाकी लहान असलेल्या इमारतींत तर बादलीवरून भांडणे होतात. खोली पाहताना भाडे विचारण्याआधी टाकी पाहावी, हा सल्ला जुनी मुले नव्यांना देतात आणि तो शंभर टक्के खरा आहे.

त्याच आकुर्डीच्या पलीकडे प्राधिकरणाच्या सेक्टरांत चित्र बदलते. कारखान्यातून निवृत्त झालेले जोडपे, मुलगा पुण्याबाहेर किंवा परदेशी, बंगल्याचा वरचा मजला रिकामा. तिथे तीन-चार मुली राहतात. काकू डबा देतात, कुणी आजारी पडले तर रिक्षाने दवाखान्यात नेतात, दहाला गेटला कुलूप लावतात. अशा घरात जागा मिळाली तर आईबाप सुटकेचा श्वास टाकतात. पण अशी घरे मोजकी आहेत आणि ती कुणाच्या तरी ओळखीनेच मिळतात. ज्याचे या शहरात कुणी नाही, त्याला त्यांचा पत्ताच लागत नाही.

ताथवडे, पुनावळे, रावेत, वाकड या बाजूला उंच सोसायट्या आहेत. हिंजवडीच्या आयटी पार्कमधली पगारदार मंडळी आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तिथे एकाच फ्लॅटसाठी रांगेत असतात आणि भाव पगारदारांच्या खिशाला धरून ठरतो. चार-पाच मुले मिळून टू बीएचके घेतात. त्यातला एक ड्रॉप घेऊन गावी गेला की बाकीच्यांवर त्याचा वाटा येतो. मग 'रूममेट हवा'ची शोधाशोध सुरू होते, आणि परीक्षेच्या तोंडावर ती फार महागात पडते.

चाकणकडे गेलात की विद्यार्थी आणि कामगार यांच्यातली रेघच पुसट होते. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये, पाठोपाठ महिंद्र असे करत इथे वाहन उद्योग जमला. त्यांच्या आणि त्यांच्या पुरवठादारांच्या लाइनवर आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुले अप्रेंटिस, ट्रेनी म्हणून येतात. बीड, परभणी, यवतमाळ, बुलढाणा, आता बिहार-झारखंडही. त्यातली बरीच मुले नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी करत असतात, कुणी डिप्लोमानंतर पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी करतो, कुणी पोलीस भरतीची. सरकारी कागदावर ही मुले विद्यार्थी नाहीत आणि पूर्ण कामगारही नाहीत, त्यामुळे वसतिगृहाच्या कुठल्याच योजनेत ती बसत नाहीत. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत त्यांच्यासाठी बैठ्या खोल्यांच्या रांगा आहेत. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, भिंतीला खुंट्या, कोपऱ्यात पाच किलोचा सिलिंडर आणि एक कुकर. रांगेच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास. खोलीत पाच-सहा जण, पण एकाच वेळी सगळे नसतात. सकाळच्या शिफ्टचा मुलगा उठून बसच्या थांब्याकडे निघतो आणि रात्रपाळीचा त्याच्या जागी आडवा होतो. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापलेला असताना रात्रपाळीच्या मुलाला झोप लागत नाही आणि रात्री मशीनवर उभे राहताना डोळे चुरचुरतात. खोलीचे भाडे कंपनीच्या बसथांब्यापासून किती पावलांवर आहे यावर ठरते, कारण तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकून बस चुकली की त्या दिवसाचा पैसा गेला. बहुतेक कंपन्या बस देतात, कँटीनचे जेवण देतात, राहायला जागा देत नाहीत. मुलांच्या हातावर चालणाऱ्या उद्योगाने ही जबाबदारी ग्रामपंचायतीच्या गल्ल्यांवर ढकलली आहे, आणि हे मला या साऱ्या आढाव्यातले सर्वांत लाजिरवाणे पान वाटते.

आळंदीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे १९१७ मध्ये जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था सुरू केली तेव्हापासून शिकणारी मुले गावात राहत आली आहेत, माधुकरी मागून शिकण्याची रीतही तिथे होती. आज त्याच गावात एका बाजूला अभियांत्रिकीची मुले आणि दुसऱ्या बाजूला खासगी वारकरी संस्थांमध्ये राहणारी दहा-बारा वर्षांची लेकरे आहेत. लहान मुलांच्या निवासाचा प्रश्न स्वतंत्र आणि अधिक गंभीर आहे, तो इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

आता पैशाकडे आणि कागदाकडे येतो, कारण बहुतेक मुले फसतात ती इथे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. करार नोंदवलेलाच नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर राहणाऱ्याचे म्हणणे खरे मानून पुढे जायचे, असेही त्या कलमात आहे. पाणी, वीज अशा आवश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत, हेही याच कायद्यात आहे. खर्चाचा बाऊ केला जातो, पण हिशेब मांडून पाहा. चौघांनी मिळून महिना २४ हजारांचा फ्लॅट अकरा महिन्यांसाठी घेतला आणि लाख रुपये डिपॉझिट दिले, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे सातशेच्या आसपास. शहरी हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. बाकीचे किरकोळ शुल्क धरून सरकारात भरायचे पैसे दोन हजारांच्या घरात. चौघांत वाटले तर माणशी पाचशे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइन होते, कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.

कागदाची बाजू मुलांनाही बांधते, हे सांगायला हवे. मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर मालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन लिहिला असेल आणि तुम्ही चौथ्या महिन्यात निघालात, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे मागण्याचा त्याचा दावा उभा राहतो. कॉलेजचे वर्ष आणि कराराचे अकरा महिने जुळत नाहीत, सुटीत गावी गेल्यावरही भाडे चालू राहते. म्हणून सही करण्यापूर्वी लॉक-इन, नोटिशीचा काळ आणि रंगकामाची कपात या तीन ओळी वाचायच्या. सगळा करार वाचायचा कंटाळा आला तरी एवढे वाचायचेच.

खरी भेग मात्र पुढे आहे. शहरातल्या बहुसंख्य मुलांच्या हातात करारच नसतो, कारण ती 'पीजी'त राहतात. १९९९ च्या कायद्याने पेइंग गेस्ट म्हणून ज्याला ओळखले आहे, तो मालक स्वतः राहतो त्या घराच्या एका भागात राहणारा माणूस: प्राधिकरणातल्या त्या काकूंच्या वरच्या मजल्यासारखा. आज पीजीच्या नावाखाली चालतात त्या आख्ख्या इमारती आहेत. मूळ मालक दुसरीकडे राहतो, चालवणारा तिसराच, आणि मुलांशी बोलणारा पगारी केअरटेकर. आणि त्याच कायद्याने लायसन्सीच्या व्याख्येतून पेइंग गेस्ट आणि हॉस्टेलमध्ये राहणारा, दोघांनाही वगळले आहे. परिणाम असा की ज्यांना संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तीच मुले कायद्याच्या कुंपणाबाहेर उभी राहतात. त्यांच्याकडे पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरचा 'पेमेंट रिसीव्ह्ड' एवढाच निरोप असतो. डिपॉझिट परत देताना साफसफाई, पंखा, गादी, 'मेंटेनन्स' अशी कपात होते आणि मूल ते मुकाट सोसते, कारण सोमवारी त्याची परीक्षा असते.

तरीही हात अगदीच रिकामे नाहीत. पैसे घेऊन राहण्या-जेवणाची सोय देणे ही सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, आणि ती ऑनलाइन दाखल होते. त्यासाठी रोख देणे बंद करायचे, प्रत्येक महिन्याचे भाडे यूपीआयने द्यायचे आणि राहायला गेल्याच्या पहिल्या दिवशी खोलीचा, भिंतीचा, गादीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून तो मालकाला पाठवून ठेवायचा. जीएसटीच्या नावाखाली कुणी जास्त मागत असेल तर हेही माहीत हवे: जून २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर महिना माणशी वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग नव्वद दिवसांच्या निवासावर हा कर नाही.

डिपॉझिटचे काय करायचे, याचे उत्तर इतरांनी शोधलेले आहे. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना विचारा. तिथे २००७ पासून भाडेकरूचे डिपॉझिट मालकाच्या मर्जीवर न राहता मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावे लागते आणि २०१९ च्या कायद्यानंतर ते साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. जर्मनीत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची मर्यादा आहे, शिवाय विद्यार्थ्यांच्या निवासासाठी ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या मोठ्या संस्था बहुतेक विद्यापीठांच्या गावांत आहेत. आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला, त्यात घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो.

सोसायट्यांचा विषय थोडक्यात, पण स्पष्ट सांगतो. 'बॅचलर चालणार नाही' असा ठराव करून मुलांना बाहेर ठेवणाऱ्या सोसायट्या ताथवडे-वाकडमध्ये जागोजागी आहेत. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आधी कळवणे पुरेसे असते. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. रात्री बाराला गॅलरीत स्पीकर लावणाऱ्या मुलांबद्दल शेजाऱ्यांची तक्रार रास्तच आहे आणि त्या मुलांना दंड करावा. पण एका खोलीतल्या चौघांच्या गोंगाटाची शिक्षा दर वर्षी येणाऱ्या नव्या मुलांना देणे अन्याय आहे. त्याहून वाईट, आडनाव ऐकून 'रूम आत्ताच गेली' म्हणणे. दलित आणि मुस्लिम मुलांना हे वाक्य इतके ऐकावे लागते की पुढे पुढे ती फोनवर नुसते पहिले नाव सांगतात. कायदा ते थांबवू शकलेला नाही. घरमालकांशी संबंध असलेली कॉलेजे मनावर घेतील तर थांबवू शकतील.

मुलींच्या बाबतीत आणखी एक फाटा फुटतो. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच आहे. पण फी माफ झाली तरी कॉट माफ होत नाही, आणि गावाकडच्या मुलीचे शिक्षण फीपेक्षा राहण्याच्या प्रश्नावर अडते. 'सुरक्षित जागा मिळाली तरच पाठवू' हे वाक्य मराठवाड्यातल्या किती घरांत बोलले गेले असेल! मुलींच्या पीजीत सुरक्षेच्या नावाखाली नऊला गेट बंद होते आणि लायब्ररीतून किंवा प्लेसमेंटच्या तयारीतून उशिरा येणाऱ्या मुलीला बाहेर ताटकळावे लागते, किंवा ती लायब्ररीलाच जात नाही. उशिरा आलेल्या मुलीसाठी गेट उघडणारा माणूस हीदेखील सुरक्षाच आहे.

सरकारी मदत आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. स्वाधारमध्ये पुणे-पिंपरी-चिंचवडला वर्षाला साठ हजार ठरले, त्यातले वीस हजार निवासाचे. दहा महिन्यांनी भागले तर महिना दोन हजार. दोन हजारांत आकुर्डीत कॉट मिळत नाही. शिवाय रक्कम हप्त्याने, मागून येते, आणि डिपॉझिट पहिल्या दिवशी लागते. योजनांचा सर्वांत मोठा दोष हा आहे. गरीब बाप सावकाराकडे जातो तो या पहिल्या दिवसाच्या रकमेसाठी, आणि कोणत्याही योजनेत त्या दिवसाची सोय नाही.

याच महाराष्ट्रात एके काळी वसतिगृह हीच शिक्षणाची पहिली पायरी मानली गेली होती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारायला जागा आणि पैसा दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसवली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह झाले आणि १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण मुलांना राहायला जागा देत आली आहे. मुलाला वर्गात बसवायचे तर आधी त्याला राहायला-जेवायला घातले पाहिजे, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते. १९८३ नंतरच्या शिक्षणसंस्थांनी वर्ग बांधले आणि ही जबाबदारी बाजारावर टाकली.

जबाबदारी त्यांच्यावर नाही, असेही नाही. रॅगिंग रोखण्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २००९ मध्ये जे नियम केले, त्यांत आवाराबाहेरच्या खासगी वसतिगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा वसतिगृहांची स्थानिक पोलिसांकडे नोंदणी झाली पाहिजे, ती संस्थाप्रमुखाच्या शिफारशीनेच झाली पाहिजे, आणि तिथल्या घटनांची जबाबदारी आवारातल्या घटनांइतकीच संस्थेवर आणि पोलिसांवर राहील. नियम रॅगिंगसाठी असला तरी त्याने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: कॉलेजच्या गेटबाहेर राहणारा विद्यार्थी कॉलेजचाच आहे. हा नियम नीट पाळला गेला असता तर आज प्रत्येक कॉलेजकडे आसपासच्या पीजींची यादी असती. २०१८ पासून शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यावी म्हणून मालकांना बजावले जाते. पण त्या माहितीचा उपयोग राहणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी होतो, राहणाऱ्याच्या सोयीसाठी होत नाही.

आणि सोय म्हणजे नुसते गिझर आणि वायफाय नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये चिंचवडच्या पूर्णानगरात दुकानाला आग लागली आणि त्याच दुकानात राहणारे चौघांचे कुटुंब मृत्युमुखी पडले. खाली शटर, वर माणसे, बाहेर पडायला एकच वाट, अशी रचना शहरातल्या शेकडो पीजींची आहे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली अशा इमारतींतल्या यंत्रणेचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन दलाकडे द्यायचे असते. खोली पाहायला गेलेल्या पालकांनी ते मागून पाहावे. जिन्याशेजारी मीटरचे उघडे बोर्ड आणि गच्चीच्या दाराला कुलूप दिसले तर भाडे कितीही कमी असो, तिथून निघावे.

माझ्या मते करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत जागांच्या आकड्याशेजारी वसतिगृहातल्या कॉटचा आकडा छापणे सक्तीचे करा. महापालिकेने दहापेक्षा जास्त मुले राहतात त्या प्रत्येक इमारतीची नोंद घ्यावी: किती कॉट, किती संडास, बाहेर पडायच्या किती वाटा. अनधिकृत बांधकाम हा मुद्दा या नोंदीपासून वेगळा ठेवावा, नाहीतर एकही मालक पुढे येणार नाही. भाडे कायद्यातली पीजीची पळवाट विधिमंडळाने बुजवावी. चाकणच्या कंपन्यांनी ट्रेनींसाठी एमआयडीसीच्या जमिनीवर निवास बांधावेत. कारखान्यांना जमीन देताना सरकारला जी अट घालता आली असती, ती पुढच्या वाटपात तरी घालावी.

हे होईल तेव्हा होईल. येत्या प्रवेशाला येणाऱ्या पालकांना माझी एकच विनंती आहे. फीचा धनादेश देण्यापूर्वी त्याच टेबलावर विचारा: तुमच्या वसतिगृहात पहिल्या वर्षासाठी किती कॉट आहेत, आणि तुमच्या शिफारशीने पोलिसांकडे नोंदवलेल्या खासगी वसतिगृहांची यादी कुठे आहे? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.